अठरा नंबरचं पाणी

उत्रेख्त, ७ फेब्रुवारी २०११

प्रिय डिनी मावशी,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडायला लागले की ऑफिसातले सगळे माना वळवून बघतात, म्हणून पत्र. मिलच्या मागांनी तुझे कान नेले, पण अक्षर नेलं नाही. तुझ्या अक्षराचा हेवा वाटतो, असं आई शेवटपर्यंत म्हणायची.

माझं एक काम आहे. तुमच्या स्पूलहूक वस्तीची पाहणी आमच्या कंपनीकडे आली आहे आणि ती माझ्या गळ्यात पडली आहे. कोणत्या घरात किती माणसं, त्यांची वयं काय, ओल किती, जिना चढवतो का, कोणाकडे कोण येतं-जातं, एवढंच विचारायचं आहे. त्यावरून तुमच्या घरांची मालक असलेली संस्था ठरवणार की तुमची घरं दुरुस्त करायची की आणखी काही. अडचण अशी की तुमच्याकडची माणसं अनोळखी माणसाला दार उघडत नाहीत. मागच्या पाहणीत शंभर फॉर्म वाटले होते, अकरा परत आले.

तुला मात्र सगळे दार उघडतात. साठ फॉर्म पाठवते आहे. नाव कोणी लिहायचं नाही. ही माझी पहिली स्वतंत्र पाहणी आहे मावशी, माझी लाज तुझ्या हातात आहे.

तुझी लिझेट

•

एन्सखेडे, २७ फेब्रुवारी २०११

लिझेट,

साठातले सत्तावन्न भरून पाठवते आहे. उरलेल्या तिघांत एक वारला, एक तुरुंगात आहे आणि तिसरा वीस वर्षं माझ्याशी बोलत नाही. त्याचं कारण भाचीला सांगण्यासारखं नाही.

एकेकाला माझ्या स्वयंपाकघरात बसवून फॉर्म भरून घेतले. कॉफी दिली आणि, एरवी एकच देते, पण दुसरं बिस्किटही दिलं. यावरून समज मी तुझ्यासाठी काय केलं ते. चौदा नंबरची सेव्हिम पेन हातात धरून बसली आणि म्हणाली, "डिनी, ही कागदं जाणार कुठे?" म्हटलं, माझ्या भाचीकडे. "आणि भाचीकडून?" मी तिला म्हटलं, "तू लिही गं बाई, कॉफी गार होते आहे."

भिंतींना ओल आहे, न्हाणीघरात बुरशी आहे, खिडक्यांना अजून एकेरी काच आहे. ते दुरुस्त करा म्हणावं. माणसांना काही झालेलं नाही. निम्मे आमच्यासारखे मिलमधले म्हातारे, बाकीचे तुर्की, थोडे सिरियाकडचे ख्रिस्ती. आमच्या या पूर्वेकडच्या टोकाला शेजार म्हणजे नातं असतं. मेलेल्याला खांदा शेजारी देतात आणि बाळाची बातमीही शेजारीच दारोदार सांगतात. तुम्हा शहरवाल्यांच्या फॉर्मात त्याला रकाना नव्हता.

माझा फॉर्म सगळ्यांत वर आहे. मी एकटी राहते, एकटी जेवते, घरात शांत असतं. अठरा नंबरचा ग्राडुस, तोही एकटाच. त्याचा त्याने भरला, माझ्याच पेनाने.

डिनी मावशी

•

उत्रेख्त, १४ जून २०११

प्रिय मावशी,

सत्तावन्न फॉर्म! आमचे साहेब म्हणाले की असा प्रतिसाद त्यांनी आजवर पाहिला नाही. अहवाल मागच्या आठवड्यात दिला आणि सगळ्यांनी पाठ थोपटली.

पण तुला खरं सांगू? आकडे जुळवताना एका संध्याकाळी मी रडले. सत्तावन्न घरांतली चव्वेचाळीस घरं एकेकट्या माणसांची. 'आठवड्यात तुमच्याकडे कोण येतं?' यावर एक्केचाळीस जणांनी लिहिलंय, कोणी नाही. भिंतीला भिंत लागून इतकी माणसं राहतात आणि कोणी कोणाच्या घरात पाऊल टाकत नाही. आणि त्या सगळ्यांत तुझं ते 'घरात शांत असतं'. आई गेल्यापासून मी तुझ्याकडे चारदा आले असेन. मला हे आधीच दिसायला हवं होतं.

म्हणून मी एक केलंय, रागावू नकोस. एकट्या माणसांना भेटायला जाणारी एक मंडळी आहे. त्यांच्यातल्या हनेके नावाच्या बाई दर मंगळवारी सकाळी तुझ्याकडे येतील. मायाळू आहेत.

तुझी लिझेट

•

एन्सखेडे, ११ सप्टेंबर २०११

लिझेट,

तुझी हनेके आली. येते. दर मंगळवारी दहा वाजता येते आणि मला विचारते, "आज कसं वाटतंय?" दर मंगळवारी मला बरंच वाटत असतं, त्याने ती खट्टू होते. मग माझा हात हातात घेऊन बसते. माझी बटाट्यांची सालं तशीच राहतात. ती मायाळू आहे यात शंका नाही, पण तिला आता दुसरं कोणी दे.

हे हसण्यावारी नेण्याचं होतं. बुधवारी झालं ते तसं नाही.

बुधवारी संस्थेने आम्हाला सभागृहात बोलावलं. भिंतीवर एक चित्र लावलं होतं, त्यात आमचीच गल्ली, पण आमची घरं नाहीत. उंच नवी घरं, झाडं, आणि पुढे लाकडी पेटी लावलेल्या सायकलीत दोन गोरी पोरं घालून चाललेली एक बाई. एक तरुण माणूस उभा राहिला. त्याच्या हातात तुझा अहवाल होता, तुझं नाव मी पहिल्या रांगेतून वाचलं. तो म्हणाला की इथली माणसं एकमेकांशेजारी एकाकी पडली आहेत, अशा वस्तीला डागडुजी पुरत नाही. घरं पाडायची. प्रत्येकाला शहरात दुसरीकडे एकट्या माणसाला पुरेल असं घर मिळेल, आणि तिथे त्याला नव्याने ओळखी करता येतील.

ग्राडुसला शहराच्या उत्तरेला दिलंय. मला दक्षिणेला, सहाव्या मजल्यावर.

सगळे माझ्याकडे बघत होते. तू काय लिहिलंस गं?

मावशी

•

उत्रेख्त, १९ सप्टेंबर २०११

प्रिय मावशी,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं आणि, खरं सांगते, रागही आला. मी काय लिहिलं? तुम्ही लिहिलंत तेच मी लिहिलं. एक आकडा मी माझ्या मनचा घातला नाही. घरं पाडा असं तर मी कुठेच म्हटलं नाही. 'सध्याची रचना एकाकीपण वाढवते', एवढंच आहे माझं वाक्य. त्यातून त्यांनी काय घ्यायचं ते त्यांनी घेतलं.

आणि सहावा मजला काही वाईट नाही. लिफ्ट आहे, भिंती कोरड्या आहेत. तू स्वतःच बुरशीबद्दल लिहिलं होतंस. जिथे तुला कोणी येऊन भेटत नाही, त्या घरात तुझा एवढा जीव का अडकलाय ते मला कळत नाही. ग्राडुस उत्तरेला गेला म्हणून तुझं काय अडलंय, तेही नाही कळलं.

लिझेट

•

एन्सखेडे, २ ऑक्टोबर २०११

लिझेट,

काय अडलंय ते सांगते. बसून वाच.

ग्राडुस माझ्या घरी राहतो. अकरा वर्षं झाली. माझ्या पलंगाची डावी बाजू त्याची आहे, त्याच्या शर्टांना मी इस्त्री करते, आणि माझ्या गुडघ्याला तो रोज संध्याकाळी तेल लावतो. कागदावर तो अठरा नंबरला आहे आणि मी सोळाला. एका पत्त्यावर नाव लावलं की दोघांचीही पेन्शन कापतात. लग्न केलं तर मी माझ्या पहिल्या नवऱ्याची विधवाही राहत नाही, म्हणजे मिलची तुटपुंजी रक्कम तीही गेली. म्हणून दोन घरं. पेन्शनच्या ऑफिसातून अचानक माणसं येतात, न्हाणीघरात जाऊन दात घासायचे ब्रश मोजतात. पाण्याचं मीटरही बघतात. म्हणून ग्राडुस रोज सकाळी आठ वाजता अठरा नंबरला जातो, पडदे उघडतो आणि पंधरा मिनिटं नळ सोडून बसतो. मंगळवारी तुझ्या हनेकेपायी त्याला दुपारपर्यंत तिथे बसावं लागायचं, ओलीने गार पडलेल्या खोलीत, कोट घालून.

आम्ही एकटेच असे नाही. सेव्हिमचा मोठा मुलगा तिच्याकडेच राहतो, पण त्याचं नाव तिथे नाही, नाहीतर तिच्या भाड्याची मदत जाते. बावीस नंबरात, तीस नंबरात तेच. या गल्लीत खरोखर एकटं राहणारं माणूस शोधायला गेलीस तर दहा सापडतील. बाकी सगळ्यांचे ब्रश कपाटात दडवलेले आहेत.

आणि तुझे फॉर्म आले तेव्हा मीच म्हटलं, एकटे लिहा. कोणी येत नाही असं लिहा. सगळ्यांना मी शिकवलं, कॉफी ओतता ओतता. सरकारी रकान्याचा कागद आमच्या हातात आला की आमच्या हाताला तेच सुचतं. नाव नाही म्हणालीस, पण मागेही एकदा नाव नाही म्हणाले होते. मला वाटलं मी गल्लीला वाचवते आहे. आता सगळी गल्ली माझ्याकडे बघते, आणि सेव्हिमसुद्धा दोन दिवस बोलली नाही.

मी एकाहत्तर वर्षांची आहे, ग्राडुस शहात्तरचा. उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत दोन बस लागतात. मला दुसरं काही नको, नवी खिडकी नको, कोरडी भिंत नको. आम्हाला एका घरात टाका एवढंच म्हणायचंय मला, आणि ते म्हणायचं कोणाला ते तू सांग. तू आकडे केलेस, तर तूच ते मोडून दे.

मावशी

•

उत्रेख्त, २० ऑक्टोबर २०११

मावशी,

तुझं पत्र मी चारदा वाचलं. तू मला सांगायला हवं होतंस. अकरा वर्षं! मी वाढदिवसाला यायचे तेव्हा तो बिचारा 'सहज आलो' म्हणत मागच्या दाराने निघून जायचा, आणि मी त्याला केक बांधून द्यायचे.

आकडे मोडता येणार नाहीत. अहवाल मंजूर झाला आहे, पैसे मंजूर झाले आहेत. एकच रस्ता आहे. तुम्ही दोघं संस्थेच्या खिडकीवर जा, खरं सांगा, एका पत्त्यावर नाव लावा आणि दोघांना मिळून एक घर मागा. पेन्शन कापली जाईल, पण घर मिळेल. हे नक्की जमेल.

फक्त, मावशी, जानेवारी उजाडेपर्यंत थांब. तू आता उभी राहिलीस की उरलेल्या फॉर्मांवरही बोट ठेवलं जाणार. अहवालावर माझं नाव आहे, आणि ही नोकरी नवीन वर्षात पक्की व्हायची आहे. तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे. पाडकाम उन्हाळ्याआधी सुरू होत नाही, मी विचारून घेतलंय. तुझ्या बहिणीच्या मुलीसाठी एवढं कर.

तुझी लिझेट

•

एन्सखेडे, ५ फेब्रुवारी २०१२

लिझेट,

थांबलो. ग्राडुसच म्हणाला, "पोरीची नोकरी आहे, थांबू या, तीन महिन्यांनी काय बिघडतंय."

नऊ जानेवारीला सकाळी आठला तो नळ सोडायला गेला. साडेआठला आला नाही. मला वाटलं तीस नंबरवाल्याशी गप्पा मारत उभा असेल. मी लापशी झाकून ठेवली. साडेदहाला सेव्हिम आली आणि माझ्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाली, "डिनी, अठराच्या भिंतीतून अजून पाणी वाजतंय." मला ते पाणी ऐकू येत नाही. शेजारच्या भिंतीपलीकडे तो अडीच तास फरशीवर पडलेला होता आणि मी लापशीवर ताटली ठेवून बसले होते.

तोंड वाकडं झालं, बोलणं गेलं, उजवी बाजू गेली. दवाखान्यात विचारलं, यांचं कोण? मी म्हटलं, मी. त्यांनी कागद बघितला. कागदावर मुलगी होती, देशाच्या दुसऱ्या टोकाला, झीलंडला, हेर्मिना. चार वर्षांत ती आली नव्हती. तिलाही आम्ही काही सांगितलं नव्हतं, तिचा नवरा कर खात्यात आहे. ती रडत आली, रीतसर वागली, आणि त्याला तिच्या घराजवळच्या एका आश्रमात घेऊन गेली. मला म्हणाली, "तुम्ही वेळेवर माणसं बोलावलीत, तुमचे उपकार आहेत."

मग मी संस्थेच्या खिडकीवर गेले. सगळं सांगितलं, अकरा वर्षं, पलंगाची बाजू, सगळं. आम्हाला एक घर द्या, मी त्याला परत आणते, मी सांभाळते. तिथला मुलगा वाईट नव्हता. त्याने माझ्यासाठी पाणी आणलं. मग त्याने कागद काढले. अठरा नंबरचं पाणी, वर्षानुवर्षं, एका माणसाला लागतं तेवढंच, एक महिना चुकलेला नाही. म्हणाला, "बाई, ज्या घरात रोज पाणी वापरलं जातं तिथे माणूस राहतो. तुमची पाहणीही तेच सांगते." तुमची म्हणजे तुझी, लिझेट. म्हणाला की एकट्या पडलेल्या माणसांना कधी कधी असं वाटू लागतं, त्यात लाज वाटून घेऊ नका. आणि मला एका पत्रकावर नंबर लिहून दिला. तो हनेकेच्या मंडळीचा होता.

तुझी नोकरी पक्की झाली का? आता तू लिहून दे. फॉर्म खोटे होते, मावशीने सांगून भरून घेतले, ते दोघं एकत्र राहत होते. तुझ्या सहीला ते मानतील. माझ्या सहीला कोणी मानत नाही.

मावशी

•

उत्रेख्त, १ मार्च २०१२

प्रिय मावशी,

नोकरी पक्की झाली.

मी पत्राचा मसुदा केला होता. आमच्या साहेबांना दाखवला. ते म्हणाले की एका वस्तीचे आकडे खोटे ठरले तर त्याच पद्धतीने केलेल्या नऊ वस्त्यांचे आकडे कोर्टात जातील, आणि तुझ्या गल्लीतल्या प्रत्येक घरी पेन्शनवाले येऊन उभे राहतील. सेव्हिमकडे, तीस नंबरकडे, सगळीकडे. मला त्यांचं म्हणणं खोडता आलं नाही. तू त्यांचा विचार कर. मी तुम्हा दोघांसाठी पन्नास घरं कशी उघडी पाडू?

पण तुला भेटायला येते. आपण दोघी मिळून झीलंडला जाऊ. तू फक्त तारीख कळव.

तुझी लिझेट

•

एन्सखेडे, २० मे २०१२

लिझेट,

तू तारीख विचारलीस त्यानंतर मी लिहिलं नाही. लिहायला काही नव्हतं म्हणून नाही. तुझा राग आला होता, अजून आहे. पन्नास घरांची काळजी तुला माझ्या वेळेलाच बरी आठवली. आणि सगळ्यांत जास्त संताप याचा येतो की तुझे साहेब म्हणाले ते खरं होतं. मी सेव्हिमला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "लिहायला सांग भाचीला, येऊ देत त्यांना." मीच नको म्हटलं. तिच्या मुलाने जायचं कुठे?

झीलंडला मी दर बुधवारी जात होते. तीन गाड्या बदलून, जाऊन-येऊन सगळा दिवस. तिथल्या वहीत सही करावी लागते आणि नात्याच्या रकान्यात मी 'ओळख' लिहायचे, कारण हेर्मिना ती वही बघते. मला बघून तो डाव्या हाताने पांघरूण उचलायचा, मी आत यावं म्हणून. मी खुर्चीवर बसायचे. दार उघडं ठेवायची पद्धत आहे तिथे.

एप्रिलच्या शेवटच्या बुधवारी निघायची तयारी करत होते. पोस्टमनने दारातून पाकीट टाकलं. राखाडी काठाचं. माझा पत्ता कोणा परक्याच्या अक्षरात. ग्राडुस शनिवारीच गेला होता. मी इकडे त्याच्यासाठी मोजे विणून पिशवीत भरत होते आणि त्याला जाऊन चार दिवस झाले होते. ज्या-ज्या ओळखीच्यांना कळवायचं, त्या यादीत मीही होते, म्हणून कार्ड आलं. खाली दुःखी जनांची नावं छापली होती, मुलगी, जावई, दोन नातवंडं, झीलंडची एक चुलत बहीण जिचं नाव मी अकरा वर्षांत त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

गुरुवारी सेव्हिम मला घेऊन गेली. खांदा द्यायला भाड्याची माणसं होती, करड्या कोटातली. आमच्याकडचे सहा जण इथून आले असते, तीस नंबरवाला तर दंड चोळत बसला होता, पण त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. नंतर कॉफी होती आणि केकचा तुकडा, आणि कुटुंबाचा हात हातात घ्यायची रांग. त्या रांगेत मी ठरवलं होतं. सेव्हिमलाही गाडीत सांगितलं होतं. आता पेन्शनही कापायची उरली नाही, त्याला कोणी काही करू शकत नाही, आणि माझं जे व्हायचं ते होऊ दे. हेर्मिनाला सांगायचं, मी तुझ्या बापाची बायको होते.

माझी पाळी आली. तिने माझा हात धरला. रडून डोळे सुजले होते तिचे, चेहरा थेट त्याचा. तिने वाकून, मला ऐकू जाईल असं मोठ्याने विचारलं, "दवाखान्यात नीट विचारायचं राहूनच गेलं. आपण बाबांच्या कोण?"

त्या खोलीत पेन्शनचं कोणी नव्हतं, संस्थेचं नव्हतं, फॉर्म नव्हता. आणि माझ्या तोंडून निघालं, "शेजारीण. सोळा नंबर."

विचार करायच्या आधीच निघून गेलं. इतकी वर्षं कोणीही विचारलं की हेच म्हणत आलेय, जिभेला दुसरं काही येतच नाही. सेव्हिमने मागून माझी बाही ओढली. मला पुन्हा बोलायचं होतं, तोंड उघडलंही होतं.

हेर्मिना म्हणाली, "हो, बाबा म्हणायचे की शेजार चांगला आहे." आणि तिने सेव्हिमचा हात हातात घेतला.

डिनी